डाक्तरसाहेबाचा शब्द

अमरावतीच्या कचेरीत अब्दुल गफ्फार मुन्शी एखाद्या शब्दाला अडला, असं कोणी पाहिलं नव्हतं. साहेबाचं वाक्य पुरं होतं न होतं तोच ते वऱ्हाडी होऊन मुन्शीच्या तोंडून बाहेर पडायचं, आणि समोर उभ्या कास्तकाराला वाटायचं की गोराच आपल्या बोलीत बोलून राहिला. लोक त्याला मान देत. रस्त्यात सलाम करत. मुन्शीला तो मान आवडायचा, आणि आवडतो हे तो लपवतही नसे.

त्याचं इंग्रजी पुस्तकातलं नव्हतं. तरुणपणी एलिचपूरच्या छावणीत तो नव्या गोऱ्या अंमलदारांना हिंदुस्थानी शिकवायला होता. त्यांना आपली बोली देता देता त्यांची बोली त्यानं कानानं उचलली. त्यामुळे प्रत्येक इंग्रजी शब्दाला त्याच्या डोक्यात एकेक प्रसंग चिकटलेला असे. शब्द आठवला की आधी तो प्रसंग आठवायचा आणि मग अर्थ.

'व्हॉइड' हा असाच एक शब्द. पहिल्यांदा तो त्यानं पत्त्यांच्या डावात ऐकला. एका लेफ्टनंटाच्या हातात बदामाचं एकही पान नव्हतं, आणि त्यानं हात आपटून हा शब्द उच्चारला होता. पुढे पूर्णेवरच्या पुलाचं काम चाललं असताना इंजिनेर साहेबानं नव्या भिंतीवर काठी ठोकली, आत पोकळ आवाज आला, तेव्हा पुन्हा तोच शब्द. गवंड्यांना सारी भिंत पाडून परत चढवावी लागली. आणि आता कचेरीत तर तो दर आठवड्याला कानी पडे. फसवून केलेला करार साहेब 'व्हॉइड' म्हणून फेकून द्यायचा. मुन्शी पक्षकारांना सांगायचा, "रद्द झाला. समजा का झालाच नाई." पान नाही, भिंतीत दगड नाही, करारात जीव नाही. तिन्ही अर्थ एकाच विहिरीचं पाणी. मुन्शीला त्यात शंका घेण्यासारखं काही कधी वाटलं नव्हतं.

अमेरिकेतल्या लढाईचं ते चौथं वर्ष होतं. तिकडे गोरे आपसांत भांडत होते आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. ज्यानं त्यानं जवारी मोडून पऱ्हाटी लावली. चैत्र लागला तरी गाड्यांची रांग तुटत नव्हती. नागपुरी दरवाज्याबाहेर हजारो बैल, गाडीवान, दलाल उतरलेले. त्यांचं रांधणं, धुणं, बैल धुणं, सारं तळ्याच्या एकाच काठावर. बडनेऱ्याकडे रेल्वेच्या मातीकामावर मजुरांच्या झोपड्या पडल्या होत्या. तिथं आधी मरी, म्हणजे पटकी, सुरू झाली, आणि मग ती गाड्यांबरोबर शहराच्या परकोटाच्या आत आली.

कचेरीतल्या साहेबानं हुकूम काढला: ज्या घरी कोणी मरीनं जाईल, त्या घरानं ताबडतोब कॅम्पातल्या गोऱ्या डाक्तरसाहेबाला निरोप पाठवावा, म्हणजे घर धुरावून अंथरूण जाळता येईल. हा हुकूम मुन्शीनंच वऱ्हाडीत उतरवून दवंडीवाल्याला शिकवला होता. "माणूस गेलं का निरोप देजा होऽ" असं ओरडत दवंडीवाला त्याच्या गल्लीतून गेला, तेव्हा मुन्शीची नऊ वर्षांची लेक अकीला दारात उभी राहून त्याची नक्कल करत होती. मुन्शीनं तिला दटावून आत घेतलं होतं.

पाचव्या दिवशी पहाटे अकीलाच आजारी पडली.

आधी उलटी झाली, मग ढाळ. मुन्शीची बायको हलीमाबी म्हणाली, शेजारच्या शादीतलं खाणं बाधलं असन. पण ऊन अंगणात उतरेपर्यंत पोरीचे डोळे खोल गेले, आवाज घोगरा झाला, आणि बोटांची टोकं धुणं धुतल्यासारखी सुरकुतली. पोटऱ्यांना पेटके आले की ती किंचाळायची, आणि किंचाळी घशातच राहायची. शेजारची तानुबाई, जी दिवसभर रेच्यावर बसून कापसाची सरकी काढी, ती हातातलं काम टाकून आली. तिनं पोरीचे घोटे चोळले, मुन्शीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मुन्शी कचेरीत न जाता थेट कॅम्पात धावला.

डाक्तरसाहेब तरुण होता. डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली, कोटाच्या बाह्या चुन्यानं भरलेल्या. मुन्शीला तो कचेरीतून ओळखत होता, म्हणून घोड्यावर टांग टाकून लगेच आला. गल्लीतली माणसं आपापल्या दारात येऊन उभी राहिली. गोरा डाक्तर मुन्शीच्या घरी आला, यातही त्यांना मुन्शीचा मोठेपणाच दिसत होता.

साहेबानं पोरीच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. जीभ पाहिली, नाडी पाहिली. किती वेळा, कधीपासून, रंग कसा, असं विचारत गेला. मुन्शी हलीमाबीला विचारी, ती पदराआडून सांगे, मुन्शी साहेबाला सांगे. मग साहेबानं एक छोटी बाटली दिली आणि हलीमाबीकडे वळून आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "पानी दो. नमक डालके. बहुत दो. उलटी करे, फिर दो."

तो बाहेर आला. रिकिबीत पाय ठेवला. थकलेल्या माणसासारखी त्यानं मान हलवली आणि घोड्यावर चढता चढता इंग्रजीत म्हणाला, "मला वाटतं, संध्याकाळपर्यंत ती व्हॉइड होईल. झाली की त्या घडीला मला निरोप पाठव. मी बडनेऱ्याच्या कामावर आहे."

आणि घोडा निघून गेला.

मुन्शी जागच्या जागी उभा राहिला. एका पाठोपाठ एक तीनही प्रसंग त्याच्या डोळ्यांपुढून गेले. हातात नसलेलं पान, ठोकल्यावर घुमणारी भिंत, झालाच नाही असा करार. संध्याकाळपर्यंत ती रिती होईल. झाली की निरोप दे. निरोप कसला द्यायचा ते तर त्यानं स्वतःच गावाला शिकवलं होतं.

साहेब अजून गल्लीच्या तोंडाशी दिसत होता. हाक मारता आली असती. 'साहेब, तुमच्या या शब्दाचा अर्थ काय?' असं विचारता आलं असतं. पण दोन्ही बाजूंच्या दारांत माणसं उभी होती, आणि त्यांच्यासमोर मुन्शीनं आजवर असं कधी विचारलं नव्हतं. शिवाय विचारायचं तरी काय? शब्द त्याला माहीत होता. त्या वेळी त्याला त्या शब्दाबद्दल जितकी खात्री होती, तितकी आपल्या नावाबद्दलही नव्हती.

आत गेला तर हलीमाबी पितळी वाटीत मिठाचं पाणी कालवत होती.

"काय म्हनला साहेब जातानी?"

"काई नाई. संध्याकाळपावतर आराम पडन म्हनला."

तिनं वर पाहिलं. चौदा वर्षांच्या संसारात नवऱ्याचं खोटं तिला आवाजावरून कळत होतं. पण या वेळी तिनं खोदून विचारलं नाही. पोरीचं डोकं मांडीवर घेऊन ती चमच्यानं पाणी घालायला लागली. दोन घोट आत गेले, तिसऱ्याला सारं बाहेर आलं. हलीमाबीनं तोंड पुसलं, पुन्हा चमचा भरला. पुन्हा बाहेर आलं. पुन्हा भरला.

मुन्शीला ते पाहवेना. जाणाऱ्या जिवाला कशाला हा जाच, असं त्याच्या मनात येत राहिलं. शेवटी त्यानं तिचा हात धरला.

"नको देऊ आता. कावून तरास देऊन राहिली तिले? निवांत पडू दे."

हलीमाबीनं हात सोडवून घेतला. "साहेबच म्हनला ना, पानी दो म्हनून? त्याच्या बोलन्यातलं तेवढं तं मले बी समजलं."

"तो म्हनला, पर..."

"पर काय?"

खरं उत्तर होतं ते तिच्यासमोर उच्चारायची त्याची छाती झाली नाही. तानुबाई कोपऱ्यातून म्हणाली, "मुन्शीजी, तुमी जरा भायेर फिरून या. बाईचं बाईले पाहू द्या."

तो बाहेर पडला. फिरायला नव्हे. एक काम होतं, आणि ते बापालाच करावं लागतं. संध्याकाळी धावाधाव नको, साऱ्या गल्लीसमोर हात पसरणं नको, म्हणून कफनाचं कापड आताच आणून ठेवावं असं त्याच्या मनानं घेतलं. मन असंच असतं. सोसवत नाही तेव्हा ते काहीतरी काम काढतं.

पण कापसाच्या पेठेत त्याला कापड मिळेना.

चहूकडे कापूसच कापूस. गाड्यांवर बोजे रचलेले, गटारीत कापूस, बैलांच्या शिंगांना कापूस, वाऱ्यावर तरंगणारा कापूस. घामेजल्या मानेला तो चिकटत होता. दलाल दुपट्ट्याखाली बोटं धरून भाव करत होते. इतका कापूस त्या शहरानं जन्मात पाहिला नव्हता, आणि तरी पहिल्या दुकानदारानं हात हलवले. "जाडंभरडं कुठलं आलं मुन्शीजी? सूतच मिळत नाई. सारा कापूस मुंबईले जाऊन राहिला." दुसऱ्यानं विलायती झिरझिरीत मलमल दाखवली, लाल फुलांची. मुन्शीनं ती हातात घेतली आणि विस्तव लागल्यासारखी खाली ठेवली. तिसऱ्याचं दुकान मरीच्या भीतीनं बंद होतं.

ऊन टाळूत शिरत होतं. तिकडे घरी काय झालं असेल, या विचारासरशी त्याचे पाय घराकडे वळत, आणि घरी काय दिसेल या भीतीनं पुन्हा पुढे जात. दोनदा तो आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत आला आणि परतला. रडण्याचा आवाज येतो का म्हणून कान देऊन उभा राहिला. कबुतरं घुमत होती, बाकी काही नाही. आवाज नाही म्हणजे अजून आहे, की आवाज नाही म्हणजे रडणारीलाही शुद्ध उरली नाही?

शेवटी तो कोष्टीपुऱ्यात गेला. एरवी तिथं दुरूनच मागांची खटखट ऐकू यायची. आता सारा पुरा मुका होता. निम्मे कोष्टी रेल्वेच्या मातीकामावर टोपल्या वाहायला गेले होते. एका ओसरीत म्हातारा पुंजाराम कोष्टी मागावर बसलेला दिसला. मागावर पांढरं पांघरूण अर्धंअधिक विणून झालेलं. कचेरीतल्या एका तंट्यात मुन्शीनं त्याची बाजू साहेबाला नीट समजावली होती, त्यामुळे ओळख होती.

"या मुन्शीजी. असे उन्हातान्हाचे?"

"कापड पायजे होतं, पुंजाराम. पांढरं. जाडं असलं तरी चालन."

"किती लांब?"

मोठ्या माणसाला किती लागतं हे मुन्शीला ठाऊक होतं. त्यानं आपल्या बापाला, मायला त्यात गुंडाळलं होतं. आता त्यापेक्षा कमी माप सांगायचं होतं. ते माप तोंडातून निघालं की गोष्ट खरी होईल, असं काहीतरी त्याला वाटलं. त्याचा हात आपोआप कमरेच्या उंचीला आला.

पुंजारामनं तो हात पाहिला. मागावरून खाली उतरला.

"तुमची पोट्टी?"

मुन्शीनं मान हलवली.

"गेली?"

"नाई. संध्याकाळपावतर... साहेबानं सांगतलं."

म्हाताऱ्यानं विणलेल्या कापडावर तळवा ठेवला, जणू कोणी ओढून नेईल. "मंग नाई देत मी. जीव असतांनी मी कापड फाडत नसतो, मुन्शीजी. माझ्या बापानं नाई फाडलं, मी बी नाई फाडनार. रागाऊ नका. लागलं तं मी सोता घेऊन येईन तुमच्या दारात, पैशाची बात नाई. पर आता तुमी इथं काय करून राहिले? पोट्टी तिकडे जीव धरून हाय अन् तुमी इकडे?"

मुन्शीला राग यायला हवा होता. आला नाही. तो ओसरीच्या कडेला बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून, आवाज न करता, खांदे हलवत रडला. पुंजारामनं तांब्याभर पाणी आणून शेजारी ठेवलं आणि मुन्शी उठेपर्यंत उभा राहिला.

परतताना तो जवळजवळ धावतच होता. सावल्या लांबल्या होत्या. गल्लीत शिरला तर त्याच्या दारात तानुबाई बसलेली, डोकं भिंतीला टेकवून, डोळे मिटून. अंगणात ओलं अंथरूण दोरीवर टाकलेलं होतं आणि त्यातून पाणी टपकत होतं. घरातून कसलाही आवाज नव्हता.

अंथरूण धुतलं. म्हणजे झालं.

हलीमाबी दारात आली. केस सुटलेले, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. त्याला पाहून तिनं ओठावर बोट ठेवलं. "हळू. झोपली."

"झोपली म्हंजे?"

"झोपली म्हंजे झोपली. पान्याचे चार चमचे राहिले पोटात. मंग अंथरूण ओलं केलं तिनं, तेच धुऊन टाकलं. तुमी होते कुठी इतका वेळ?"

तो आत धावला. पोरगी डाव्या कुशीवर होती, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. त्यानं नाकापुढे बोट धरलं. श्वास होता, पण इतका हलका की आपल्याच बोटाचा भास असावा. आणि मग त्याला आपल्या मायचं मरण आठवलं. शेवटच्या घटकेला तिचंही अंथरूण असंच ओलं झालं होतं, आणि म्हाताऱ्या बायांनी एकमेकींकडे पाहून कुराण आणायला सांगितलं होतं. शरीर सारं सोडून द्यायला लागलं की असं होतं. साहेब संध्याकाळ म्हणाला होता. संध्याकाळ तर झालीच होती.

त्यानं पोरीच्या कपाळावर हात ठेवला आणि तो तसाच उठून बाहेर निघाला.

"आता कुठी?" हलीमाबी ओरडली.

"साहेबाले आनतो."

पोरगी गेल्यावर निरोप द्यायचा होता. पण मुन्शीला तोपर्यंत थांबणं जमलं नाही. काही उपाय असला तर साहेब करील, नसला तर निदान तसं सांगेल तरी, या आशेनं तो बडनेऱ्याच्या रस्त्याला लागला. रिकाम्या गाड्या धुरळा उडवत समोरून येत होत्या. गाडीवान गात होते. त्या धुरळ्यात त्याला दुरून घोडा दिसला, त्यावर मान टाकून बसलेला डाक्तरसाहेब दिसला, आणि त्यानं रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर केले.

साहेबानं लगाम खेचला. "मुन्शी! झाली का ती व्हॉइड?"

किती सहज विचारलं यानं, असं मुन्शीच्या मनात आलं. यांना आपलं लेकरू म्हणजे तरी काय! पण त्यानं हात जोडले आणि कचेरीत ज्याचा दबदबा होता ते त्याचं इंग्रजी तुकड्या-तुकड्यांत बाहेर पडलं. "नाही साहेब. अजून नाही. जिवंत आहे. झोपली आहे. साहेब, लवकर चला. फक्त... फक्त अंथरूण ओलं झालं आहे."

साहेब खोगिरावर ताठ झाला. "ओलं? कशानं? जुलाबानं?"

"नाही साहेब. तसं नाही." बाप होता, पोरीबद्दल परक्या पुरुषाला काय आणि कसं सांगणार? त्यानं मान खाली घालून हातानं कशीबशी खूण केली.

साहेब क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिला. मग एकदम मोठ्यानं हसला, इतका मोठ्यानं की घोडा बुजला आणि जवळच्या गाडीचे बैल थबकले.

"अरे, मग झाली की! तेच तर विचारतो आहे मी!" तो इंग्रजीत ओरडला, आणि मुन्शी तसाच फटफटीत चेहऱ्यानं उभा आहे हे पाहून त्याचं हसू थांबलं. तो घोड्यावरून खाली वाकला. एकेक शब्द वेगळा करत, मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "पेशाब. हम लोग पेशाब होने को बोलता व्हॉइड. इस बीमारी में पेशाब बंद होता. बंद रहा तो आदमी मरता. खुल गया तो..." त्यानं हाताचा तळवा आकाशाकडे उचलला. "समझा?"

मुन्शीला समजलं. पण समजणं डोक्यात शिरायला आणि तिथून खाली छातीत उतरायला वेळ लागला. तो घोड्याच्या रिकिबीला धरून उभा राहिला. साहेबानं त्याला तसं राहू दिलं. मग हळू आवाजात विचारलं, "तुला काय वाटलं होतं?"

मुन्शीनं रिकीब सोडली आणि तो घराकडे चालू लागला.

घरी येऊन साहेबानं पोरीची कातडी पुन्हा चिमटीत धरली. या वेळी ती हळूहळू खाली बसली. त्यानं हलीमाबीकडे पाहून मान डोलावली आणि मुन्शीला बजावलं की धोका सरला असं समजू नकोस. ताप येईल, तो उतरेपर्यंत काही खरं नाही. या वेळी मुन्शीनं प्रत्येक शब्द थांबवून विचारून घेतला. दारात माणसं उभी होती, ऐकत होती. त्याला त्यांचं भानही नव्हतं.

साहेब गेल्यावर हलीमाबीनं चूल पेटवली. पाठमोरीच राहून तिनं विचारलं, "दुपारी कुठी होते?"

"कोष्टीपुऱ्यात."

तिचा फुंकणीचा हात थांबला.

"मंग? आनलं?"

"नाई. पुंजारामनं नाई देल्लं."

"बरं केलं त्यानं."

मुन्शी सांगायला लागला, साहेबाचा शब्द काय होता, आपण काय समजलो, कसं समजलो. पत्त्यांचा डाव, पुलाची भिंत, सारं. तिनं मधेच त्याला तोडलं.

"थे सारं राहू द्या. तुमी मले पानी देऊ नको म्हनत होते."

मुन्शी चुलीत काटकी सारू लागला.

"मी तुमचं ऐकलं असतं तं?" ती वळली. चुलीच्या उजेडात तिचे डोळे कोरडे होते. "तुमी मोठे मुन्शी. साऱ्या कचेरीचं तुमच्यावर चालते. मी ऐकलं असतं तं?"

साहेबानं सांगितल्याप्रमाणे ताप आला. पोरगी बरळायची, बापाला ओळखायची नाही, तानुबाईला अम्मी म्हणायची. ते दिवस मुन्शीनं उंबऱ्यात बसून काढले. हलीमाबी त्याच्याशी कामापुरतंच बोले. वाटी द्या. पाणी भरा. बाजूले व्हा. तो वाटी देई, पाणी भरी, बाजूला होई. नमाजाला उभा राहिला तरी कान आत असे. पोरगी जास्त वेळ गप्प राहिली तरी त्याचा श्वास अडके, आणि जास्त बडबडली तरी अडके. हलीमाबीच्या नकळत पोरीचं अंथरूण चाचपून पाहायची त्याला सवयच लागली. ओलं लागलं की तो अल्लाचे आभार मानत गुपचूप दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवी.

मग एका सकाळी अकीलानं डोळे उघडले आणि भाकरी मागितली. द्यायची नव्हती, म्हणून भाताची पेज दिली. ती तिनं नाक मुरडून प्यायली आणि म्हणाली, "अळणी हाये." हलीमाबी हसली. मग हसता हसताच ती पदर तोंडात कोंबून रडायला लागली, तेव्हा मुन्शी पहिल्यांदा तिच्याशेजारी जाऊन बसला, आणि तिनं त्याला बाजूला व्हायला सांगितलं नाही.

गल्लीतली सारी घरं तितकी नशीबवान नव्हती. पुढच्या पंधरवड्यात दवंडीवाल्याचंच पोर गेलं. कापसाच्या गाड्या येत राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर आजारही येत राहिला.

डाक्तरसाहेबानं कचेरीतून मुन्शीला मागून घेतलं. तो घोड्यावर आणि मुन्शी पायी, असे दोघं पुऱ्यापुऱ्यांतून फिरायला लागले. साहेब आपला शब्द उच्चारायचा, आणि मुन्शी ओट्यावर टेकून, बायांना तोंड लपवायला अवसर देऊन, अगदी साध्या बोलीत विचारायचा, "माय, लेकरानं लघवी केली का सकाळपासून?" बाया आधी लाजायच्या, मग सांगायच्या. काही घरांत 'हो' मिळे. काही घरांत बाई नुसतीच त्याच्याकडे पाहत राही, आणि तेव्हा मुन्शीला घोड्यावरच्या माणसाकडे वळून उत्तर सांगायचं असे. हे काम नको, मले कचेरीत जाऊ द्या, असं तो साहेबाला म्हणाला नाही, पण रोज सकाळी वहाणा घालायला तो उगाच वेळ लावायचा. रोग आपल्याच पायांनी परत घरात आला तर, ही भीती त्याला होतीच. हलीमाबीलाही होती. ती रोज चुन्याचं पाणी दारात ठेवून त्याला पाय धुतल्याशिवाय आत येऊ देत नसे.

त्या दिवशी खोलापुरी दरवाज्याकडे जायचं होतं. तिकडे फार वाईट हाल होते असं ऐकलं होतं. मुन्शी उंबऱ्यात थोडा वेळ उभा राहिला. आत अकीला भिंतीला धरून उभं राहायचा प्रयत्न करत होती, केस गळून डोकं विरळ झालेलं, पाय काड्यांसारखे.

"जानार नाई का?" हलीमाबीनं विचारलं.

"जातो."

तिनं त्याच्या खांद्यावरचा कापसाचा एक तंतू काढून टाकला. "साहेब काई बोलला अन् समजलं नाई, तं त्याचा घोडा धरून ठेवजा. सांगे तवापावतर सोडू नका."

"नाई सोडत," मुन्शी म्हणाला, आणि उन्हात उतरला.